झ्मेरिंका : धान्याच्या वाटेवरील एक आगगाडीचें गांव

सन २०२२ च्या वसंतांत आपल्याकडील किराणा दुकानांत सूर्यफुलाच्या तेलाचा भाव एकाएकीं चढला, तेव्हां युक्रेन देशाचें नांव पुष्कळांच्या तोंडीं प्रथमच आलें. आपल्या देशांत बाहेरून येणाऱ्या सूर्यफूल-तेलाचा मोठा वांटा त्या देशांतून येत असे, व काळ्या समुद्रावरील बंदरें बंद पडतांच तो थबकला. वृत्तपत्रांतून लढाईचीं वर्णनें पुष्कळ आलीं. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें जो मूळ प्रश्न, कीं तेथील शेतांतला माल बंदरापर्यंत जातो कसा, कोणाकोणाच्या हातांतून जातो, व वाटेंत त्याच्या किंमतीपैकीं किती गळून पडतें, त्याची चर्चा फारशी झाली नाहीं. हा प्रश्न समजून घ्यावयाचा तर राजधानीपेक्षां एखादें लहानसें जंक्शनचें गांव अधिक उपयोगी पडतें. म्हणून झ्मेरिंका या गांवाची हकीकत, मुख्यतः त्याच्या अर्थव्यवहाराच्या अंगानें, वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

झ्मेरिंका हें पोडोलिया नांवाच्या जुन्या प्रांतांत, आजच्या विन्नित्सा प्रांतांत वसलेलें आहे. लोकवस्ती सुमारें ३४ हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढी. ईशान्येस कीव ही राजधानी, आग्नेयीस ओडेसा हें बंदर, पश्चिमेस ल्विव्ह व त्यापलीकडे पोलंड, दक्षिणेस नीस्तर नदीकांठचें मोहिलिव्ह. या चारी दिशांचे रूळ येथें येऊन मिळतात. गांवास मोठी नदी नाहीं, खाण नाहीं, जुना किल्लाही नाहीं. रूळ एकत्र येतात हीच काय ती त्याची वतनदारी.

भोंवतालची जमीन मात्र उत्तम आहे. कांहीं ठिकाणीं काळी व कांहीं ठिकाणीं करड्या रंगाची वनमाती अशी तिची मिसळ आहे. तेथील काळी माती आणि आपली काळी माती यांचें नांव एक असलें तरी जात एक नव्हे. आपली रेगूर बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली, चिकण, उन्हाळ्यांत भेगाळणारी व सेंद्रिय अंशानें गरीब आहे. तेथील माती वाऱ्यानें वाहून आणलेल्या बारीक थरावर हजारों वर्षें गवत कुजून झालेली, म्हणून ती भुसभुशीत व सकस आहे. तिच्यांत गहूं, जव, मका, बीट आणि सूर्यफूल हीं पिकें चांगलीं येतात. हिवाळ्यांत बर्फ पडतें, आणि तें वितळतांना व पुन्हां शरदाच्या पावसांत साऱ्या गाडीवाटा चिखलानें बंद पडतात. ही चिखलाची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व कथेचें मूळ तेथें आहे.

ओडेसा बंदर सन १७९४ त स्थापन झालें, व सन १८१९ पासून चाळीस वर्षें तें जकातमुक्त होतें. युरोपांतील शहरांस धान्याची भूक वाढत होती, आणि पोडोलियांतील जमीनदार, जे बहुतेक पोलिश उमराव होते, आपला गहूं तेथें पाठवीत. झ्मेरिंकाच्या आसपासचा मुलूख ओडेसापासून सुमारें चारशें किलोमीटर पडतो. माल जात असे तो बैलगाड्यांनीं. ह्या गाड्या हांकणाऱ्या लोकांस तिकडे ‘चुमाक’ म्हणत. ते तांडे करून निघत, जातांना धान्य नेत व येतांना क्रिमियाचें मीठ आणि सुके मासे आणीत. आपल्याकडील वंजारी-लमाणांचे तांडे, जे देशावरून कोंकणांत धान्य व कोंकणांतून वर मीठ नेत, त्यांचा धंदा ज्यांनीं ऐकला आहे त्यांस चुमाकांचें निराळें वर्णन करण्याचें कारण नाहीं.

आतां हिशेब पाहूं. एका बैलजोडीच्या गाडीवर सुमारें एक टन धान्य जाई, आणि दिवसाची मजल पंचवीस-तीस किलोमीटरांची. म्हणजे चारशें किलोमीटरांस पंधरा दिवस, तेही वाट कोरडी असेल तर. बैलांची वैरण, गाडीवानाची मजुरी, वाटेंतील भिजणें व सांडणें हीं सर्व बंदरांतल्या भावांतून वजा होत, आणि जें उरे तो शेतावरचा भाव. त्यामुळें समुद्रापासून जो जितका दूर, त्याच्या गव्हाला तितका कमी भाव, मग त्याची जमीन कितीही सकस असो. फार आंतल्या भागांत तर गहूं बंदरावर नेण्यापेक्षां त्याची दारू गाळणें किंवा तो जनावरांस चारणें परवडे.

सन १८६१ त रशियन साम्राज्यांतील भूदास मुक्त झाले. या मुक्तीची जमाबंदी महसूल खात्यांत काम केलेल्या माणसाला विशेष चिंतनीय वाटेल. शेतकऱ्याला जमीन मिळाली ती मोफत नव्हे. सरकारनें जमीनदारास किंमतीचा मोठा भाग रोख्यांच्या रूपानें दिला, आणि शेतकऱ्यांनीं ती रक्कम दरसाल शेंकडा ६ प्रमाणें ४९ वर्षें सरकारास फेडावयाची असें ठरलें. म्हणजे १०० रुबलांच्या देण्यामागें एकंदर २९४ रुबल भरणा. पोलिश उमरावांनीं सन १८६३ त बंड केलें, तेव्हां त्यांचें बळ मोडण्यासाठीं सरकारनें या नैर्ऋत्य प्रांतांतील शेतकऱ्यांचे हप्ते शेंकडा २० नें उतरविले. तरी हप्ता तो हप्ताच. तो रोख भरावयाचा, आणि पिकाच्या पाठोपाठ भरावयाचा. ज्याला शरदांत रोकड पाहिजे त्याला शरदांतच धान्य विकावें लागतें, व सारेच एकदम विकूं लागले म्हणजे भाव पडतो. हे हप्ते सन १९०७ पासून माफ झाले. तोंपर्यंत खळ्यावरून स्टेशनाकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागें कोठें तरी या हप्त्याची तारीख उभी असे.

आगगाडी या भागांत आली ती एका पराभवामुळें. सन १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धांत रशियाला स्वतःच्याच भूमीवर दाणागोटा व दारूगोळा पोंचवितां आला नाहीं, कारण गाड्या चिखलांत रुतल्या. युद्धानंतर लोहमार्गांचा विचार निकडीचा झाला. ओडेसापासून बाल्टा गांवापर्यंतचा पहिला रस्ता सन १८६५ त सुरू झाला. कीवहून बाल्ट्याकडे येणारा रस्ता सन १८७० त चालू झाला, आणि त्याच रस्त्यावर झ्मेरिंका नांवाच्या खेड्यापाशीं स्टेशन पडलें. पुढच्याच वर्षीं, सन १८७१ त, येथून पश्चिमेस व्होलोचिस्कपर्यंत, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरहद्दीपर्यंत, फांटा गेला, व झ्मेरिंकाचें जंक्शन झालें. सन १८९२ त दक्षिणेकडे मोहिलिव्हचा फांटा निघाला. खेड्याचें भाग्य उघडलें तें गुणामुळें नव्हे, तर फांटा फोडण्यास ती जागा इंजिनिअरांना सोईची वाटली म्हणून.

ज्यांनीं भुसावळ पाहिलें आहे त्यांस अशा गांवाची घडण ओळखीची वाटेल. मुंबईचा लोहमार्ग भुसावळवरून जबलपुरास जाऊन कलकत्त्याच्या मार्गास मिळाला तोही सन १८७० तच. दोन्ही ठिकाणीं लहानसें खेडें, मग इंजिनांची कोठी, पाण्याची टांकी, कोळशाचे ढीग, कारखाना व नोकरांच्या चाळी हा क्रम सारखाच आहे. वाफेचें इंजिन म्हणजे जनावरासारखेंच; शे-दीडशें किलोमीटर गेलें कीं त्याला पाणी पाजावें लागतें, राख काढावी लागते, व बदली द्यावें लागतें. जेथें फांटे फुटतात तेथें मालगाडी तोडून तिच्या वाघिणी निरनिराळ्या दिशांच्या गाड्यांना जोडाव्या लागतात. हें काम रात्रंदिवस चालतें व त्याला शेंकडों हात लागतात. त्यामुळें शेती नसलेला, पण महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा मोठा वर्ग झ्मेरिंकांत उत्पन्न झाला. त्याला दूध, भाजी, अंडीं, डुकराचें मांस लागे. आणि जवळच्या खेड्यांतील बायांस रोजचें गिऱ्हाईक मिळालें. गव्हाच्या निर्यातीची मोठी गोष्ट सर्वजण सांगतात, परंतु अल्पभूधारकाच्या हातीं रोजचा पैसा या लहान बाजारांतून अधिक आला असावा असें आम्हांस वाटतें.

आतां आगगाडीनें भावांत काय फरक पडला तें पाहूं. त्या काळच्या रशियन मालडब्यांत ६०० पूद, म्हणजे सुमारें दहा टन माल मावे. तीस डब्यांची एक गाडी म्हणजे तीनशें बैलगाड्या, आणि पंधरा दिवसांची वाट एक-दोन दिवसांत सरली. चुमाकांचा धंदा बसला. बंदरांतला भाव व शेतावरचा भाव यांतील अंतर कमी झालें. परंतु जें अंतर वांचलें तें सगळें शेतकऱ्याच्या पदरांत पडलें असें मात्र समजूं नये. वाघीण भरावयास दहा टन पाहिजेत, आणि पोडोलिया हा अतिशय दाट वस्तीचा, लहान लहान वांट्यांचा प्रांत. साध्या कुणब्याजवळ विकण्याजोगीं चार-दोन पोतींच असावयाचीं. म्हणून स्टेशनाभोंवतीं दलाल, अडते व वखारवाले जमले. त्यांत ज्यू व्यापारी पुष्कळ होते, कारण साम्राज्याच्या कायद्यानें ज्यूंना जमीन धारण करण्यास व इतर प्रांतांत राहण्यास कडक बंधनें होतीं, व व्यापाराचीच वाट त्यांना मोकळी होती. पोतें-पोतें गोळा करून वाघीण भरणें हें काम कोणीतरी करणें प्राप्तच होतें. शेतकऱ्यांचे स्वतःचे संघ नव्हते तोंवर तें व्यापाऱ्यानें केलें व त्याची किंमत घेतली.

भाड्याच्या दरांची कथा याहून महत्त्वाची आहे. कीव, ओडेसा व ब्रेस्टकडील रस्ते सन १८७८ त एकत्र होऊन ‘नैर्ऋत्य लोहमार्ग’ ही मोठी कंपनी झाली व झ्मेरिंका तिच्या मध्यभागीं आलें. याच रस्त्यावर सर्ग्येई व्हिट्टे हा ओडेसा विद्यापीठाचा गणिताचा पदवीधर खालच्या जागेपासून चढत जाऊन सन १८८६ त मुख्य व्यवस्थापक झाला. हाच पुढें सन १८९२ त साम्राज्याचा अर्थमंत्री झाला. त्यानें सन १८८३ त रेल्वेभाड्याच्या तत्त्वांवर एक ग्रंथ लिहिला. व्यवस्थापक असतांना त्यानें भाड्यांची फेरमांडणी केली, आणि धान्याच्या मालावर उचल देण्याची पद्धत घातली. या उचलीचें तत्त्व आपल्या वाचकांस बिलटीवरील उचलीवरून समजेल. माल रेल्वेच्या ताब्यांत दिला कीं किंमतीचा कांहीं भाग ताबडतोब हातीं येतो, व बाकीची रक्कम विक्रीनंतर मिळते. अशानें भाव पडलेला असतांना माल विकण्याची सक्ती टळते. योजना चांगली, पण तिचा लाभ ज्याची वाघीण भरते त्याला, म्हणजे जमीनदार, मोठा खंडकरी व व्यापारी यांना. सन १८८९ च्या कायद्यानें सर्व रस्त्यांच्या भाड्यांवर सरकारचा ताबा आला, आणि अंतर जितकें लांब तितका मैली दर कमी अशी योजना धान्यासाठीं झाली. दूरच्या प्रांतांतील गहूं त्यामुळें बंदरावर स्वस्तांत येऊं लागला, व जवळच्या प्रांतांतले शेतकरी कुरकुरूं लागले. भाड्याच्या दराचा एक कागद निघतांच कोणाची जमीन समुद्राजवळ येते आणि कोणाची दूर जाते, हें सरकारी कागदांच्या सामर्थ्याचें उदाहरण अभ्यासण्यासारखें आहे.

आपला या इतिहासाशीं एक प्रत्यक्ष संबंध येतो. सन १८६९ त सुएझचा कालवा उघडला, व सन १८७३ त हिंदुस्थानांतील गव्हावरची निर्यात-जकात उठली. त्यानंतर पंजाबचा गहूं कराचीहून व नर्मदेच्या खोऱ्यांतला गहूं भुसावळवरून मुंबईस येऊन विलायतेस जाऊं लागला. तेथें त्याची गांठ अमेरिकेच्या व रशियाच्या गव्हाशीं पडली. पोडोलियांतल्या कुणब्याला होशंगाबादेचें नांव ठाऊक नव्हतें, व होशंगाबादेच्या कुणब्याला पोडोलियाचें. परंतु एकाच्या शेतीचें मोल ठरविण्यांत दुसऱ्याचा हात होता. सन १८७० नंतरचीं वीस-पंचवीस वर्षें जगांतील गव्हाचे भाव एकसारखे उतरत गेले, त्याचें एक मोठें कारण हे सर्व नवे लोहमार्गच होते.

गहूं उतरला तरी पोडोलिया तगला तो बिटामुळें. झ्मेरिंकाजवळच्या ब्राइलिव्ह येथें मोठी जहागीर होती व तीत साखरेचा कारखाना होता. ती कार्ल फॉन मेक या धनाढ्य रेल्वे-कंत्राटदाराच्या कुटुंबानें घेतली. त्याची पत्नी नाद्येझ्दा फॉन मेक हिनें संगीतकार चायकोव्स्की यास वर्षानुवर्षें वर्षासन दिलें, व सन १८७८ त तो तेथें येऊन राहिलाही होता. संगीतज्ञांस ब्राइलिव्ह ठाऊक आहे तें त्यामुळें. आपल्याला पाहावयाचें तें इतकेंच कीं रस्ते बांधून मिळविलेला पैसा त्याच रस्त्यांच्या कडेच्या साखरेंत गुंतला.

बीट हें उंसापेक्षां थोडें निराळें पीक आहे. ऊंस तोडल्यावर एक-दोन दिवसांत गाळावा लागतो, पण बीट खणून मातीनें झांकलेल्या राशींत थंडीच्या दिवसांत कांहीं आठवडे टिकतें. तरी तें वजनाला जड आणि पाणी फार, म्हणून दूर नेणें परवडत नाहीं. कारखाना शेतांच्या मध्येंच लागतो. बाहेर जाते ती साखर, आणि ती मात्र आगगाडीनें हवी तितकी दूर जाते. बिटासाठीं नांगरट खोल लागते, खत लागतें, व विरळणी-खुरपणीला पुष्कळ हात लागतात; हें काम बहुधा मजूर बायकाच करीत. रस काढल्यावर उरलेला चोथा बैलांना व गाईंना घालीत, त्यापासून शेणखत वाढे, आणि बिटाच्या पाठीवर पेरलेला गहूं दुप्पट जोमानें येई. पिकांची ही फेरपालट हीच त्या प्रांताची खरी दौलत. सोव्हिएत राज्य सन १९९१ त संपलें त्या वेळीं युक्रेनमध्यें सुमारें १९० साखर कारखाने होते. पुढें तीस वर्षांत त्यांतले तीसच्या आसपास उरले. बाकीच्यांच्या जागीं मका, सोयाबीन व सूर्यफूल आलें, कारण त्यांना कारखाना जवळ लागत नाहीं, बंदर लागतें.

गांव वाढत गेलें. नैर्ऋत्य लोहमार्ग सन १८९५ त सरकारनें विकत घेतला. झ्मेरिंकाची भव्य स्टेशन-इमारत सन १८९९ त सुरू होऊन सन १९०४ त पुरी झाली, व सन १९०३ त गांवाला शहराचा दर्जा मिळाला. इमारत झिनोव्ही झुराव्स्की या वास्तुकाराची, दोन्ही बाजूंस रूळ व मध्यें स्टेशन अशी आहे, आणि रुळांखालून भुयारी वाट आहे. लोक तिला जहाजाची उपमा देतात. शहराच्या दर्जाआधींच असें राजवाड्यासारखें स्टेशन बांधावयास घेतलें, यावरून त्या गांवांत कोणाला काय महत्त्व होतें तें कळून येतें.

व्होलोचिस्ककडील फांट्याबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत. झ्ब्रूच नदी ही रशिया व ऑस्ट्रिया यांची सरहद्द होती. अलीकडे रशियाचा रूंद रूळ, पलीकडे युरोपचा अरुंद रूळ. माल सरहद्दीवर एका डब्यांतून दुसऱ्यांत हातांनीं भरावा लागे. ही गैरसोय त्या काळीं हमालांच्या पोटापाण्याची होती. दीडशें वर्षांनीं तीच गैरसोय साऱ्या देशाच्या गळ्याला कशी आली तें पुढें येईल.

सन १९१४ त महायुद्ध सुरू झालें. हा रस्ता गॅलिशियाच्या आघाडीची रसदवाट झाला, व त्यानंतर झारशाही कोसळली. ता. ९ फेब्रुवारी १९१८ रोजीं युक्रेनच्या नव्या लोकराज्यानें जर्मनी व ऑस्ट्रियाशीं ब्रेस्ट येथें तह केला. त्याला ‘भाकरीचा तह’ म्हणत, कारण दहा लक्ष टन धान्य देण्याचें त्यांत ठरलें होतें. पोडोलिया ऑस्ट्रियन फौजांच्या वांट्यास आला. धान्य खेड्यांतून बंदुकीच्या धाकानें काढूं लागतांच खेडीं उठलीं, आणि ठरलेल्यापैकीं अल्प भागच व्हिएन्ना-बर्लिनला पोंचला. पुढील दोन-अडीच वर्षांत या भागांत सत्ता अनेक वेळां पालटली, व ज्यू वस्त्यांवर भयंकर हल्ले झाले.

याहून वाईट काळ सन १९३२-३३ चा. सोव्हिएत सरकारनें खाजगी शेती मोडून सामुदायिक शेतें केलीं व धान्याचा जो कोटा लावला तो पिकाच्या मानानें अवास्तव होता. ता. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्यानें सामुदायिक शेतांतलीं कणसें उचलणें हाही गोळी घालण्याजोगा किंवा दहा वर्षांच्या कैदेचा गुन्हा ठरला. बियाण्यासकट धान्य नेलें गेलें. साम्राज्यांतून सन १९३२ त सतरा-अठरा लक्ष टन धान्य परदेशीं गेलें, आणि युक्रेनांत पस्तीस ते चाळीस लक्ष माणसें अन्नावांचून मेलीं. विन्नित्साकडील प्रांतासही त्याची झळ फार लागली.

या दुष्काळांत आगगाडीचें काम काय होतें, हें आगगाडीच्या गांवाची कथा सांगतांना टाळतां येत नाहीं. ता. २२ जानेवारी १९३३ रोजीं स्टॅलिन व मोलोटोव्ह यांच्या सहीचा हुकूम निघाला कीं युक्रेन व कुबान येथील शेतकऱ्यांना अन्नासाठीं बाहेर जाऊं देऊं नये. त्यांना रेल्वेचीं तिकिटें देणें बंद झालें, व स्टेशनांवर आणि गाड्यांत पहारे बसले. सुमारें दीड महिन्यांत दोन लक्ष एकोणीस हजारांवर लोक पकडले गेले, व त्यांतील बहुतेकांस मरावयास परत गांवीं धाडलें. त्याआधीं महिनाभरच शहरी लोकांसाठीं अंतर्गत परवाने निघाले होते. शेतकऱ्याला तो परवाना नव्हता. शहरांतील व रेल्वेच्या नोकरांना भाकरीचीं कार्डें होतीं. धान्य पिकविणाऱ्याला कार्ड नव्हतें. जो रूळ सत्तर वर्षांपूर्वीं शेताला बाजाराशीं जोडण्यासाठीं घातला, त्यावरून माल जाण्यास मोकळीक होती आणि माणसास बंदी होती. आपल्याकडील जुन्या दुष्काळसंहितेंत, तिच्यांत पुष्कळ कठोरपणा असला तरी, दुष्काळी मुलुखाकडे धान्य आणणें हें रेल्वेचें काम म्हणून गणलें होतें. येथें उलट झालें.

दुसऱ्या महायुद्धांत, जुलै १९४१ मध्यें, गांव शत्रूच्या हातीं गेलें, व पुढें रुमानियाच्या अंमलाखालीं आलें. थोड्या अंतरावरचें ब्राइलिव्ह जर्मनांकडे होतें. ब्राइलिव्हच्या ज्यूंची सन १९४२ त कत्तल झाली. तेथून पळून आलेल्या कित्येकांस झ्मेरिंकांतून परत जर्मनांच्या हवालीं करण्यांत आलें. झ्मेरिंकाच्या कोंडवाड्यांतील बरेचसे ज्यू मात्र मार्च १९४४ त सोव्हिएत सैन्य येईपर्यंत जगले. एका सरहद्दीच्या रेषेनें इतका फरक पडला.

युद्धानंतर रस्ता नीट झाला, व सन १९६० नंतरच्या दशकांत कीवकडील मार्गावर विजेच्या गाड्या आल्या. वाफेचें इंजिन गेलें तसें पाणी-कोळशाचें काम गेलें, परंतु डबे-दुरुस्तीचा कारखाना, गाड्यांची जुळवाजुळव व विभागीय कचेरी राहिली, आणि गांवांतल्या बहुतेक घरांत एक तरी रेल्वेचा नोकर असावयाचाच असें झालें.

सन १९९१ त युक्रेन स्वतंत्र झाला व सामुदायिक शेतें मोडून त्यांतील माणसांस जमिनीचे हिस्से दिले. हिस्सा सरासरीनें चार हेक्टरांचा. पण सन २००१ पासून शेतजमिनीच्या विक्रीला बंदी होती, म्हणून हिस्सेदारांनीं जमिनी मोठ्या कंपन्यांस खंडानें दिल्या. खंड पुष्कळ ठिकाणीं धान्य, साखर व तेल यांच्या रूपानेंही मिळे. ता. १ जुलै २०२१ पासून व्यक्तींना शंभर हेक्टरांपर्यंत, व सन २०२४ पासून संस्थांना दहा हजार हेक्टरांपर्यंत जमीन घेण्याची मोकळीक झाली. चार हेक्टरांच्या धन्याला दहा हजारांच्या गिऱ्हाइकाशीं भाव ठरवावयाचा आहे. मोठ्या कंपन्यांचीं कोठारें स्वतःचीं, धान्याच्या वाघिणीही स्वतःच्या. लहान शेतकऱ्याला वाघिणीची वाट पाहावी लागते. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींचा प्रश्न नव्या कपड्यांत परत आला म्हणावयाचा.

ता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें चढाई केली व ओडेसाकडील बंदरें बंद झालीं. कोठारांत सुमारें दोन कोटी टन धान्य अडकलें. जगांत गव्हाचा व तेलाचा भाव चढला असतां युक्रेनच्या शेतावर मात्र भाव उतरला. वरवर हें कोडें वाटतें, परंतु वर मांडलेला चुमाकांच्या काळचा हिशेब लावला कीं सुटतें. बाजाराचा भाव वजा वाटखर्च म्हणजे शेतावरचा भाव, आणि वाटखर्च अतोनात वाढला होता. साठ हजार टनांचें एक जहाज भरावयाचें तर सत्तर टनांच्या साडेआठशेंहून अधिक वाघिणी लागतात. हा माल आतां पश्चिमेकडे वळवावयाचा. युक्रेनचा रूळ १५२० मिलिमीटरांचा व युरोपचा १४३५ चा. सरहद्दीवर माल उलथावा लागतो किंवा डब्यांचीं चाकें बदलावीं लागतात. तेथें वाघिणींच्या रांगा लागल्या. कित्येक शेतकऱ्यांनीं लांब प्लॅस्टिकच्या नळ्यांत धान्य भरून शेतांतच ठेवलें.

झ्मेरिंका या वळणावरच असल्यामुळें लष्करी दृष्टीनेंही लक्ष्य झालें. ता. २५ एप्रिल २०२२ रोजीं झ्मेरिंका व कोझ्यातीन या दोन जंक्शनांवर क्षेपणास्त्रें पडलीं. रोख रेल्वेच्या वीजकेंद्रांवर होता. विन्नित्सा प्रांतांत त्या दिवशीं पांच माणसें मेलीं. वीज गेली कीं डिझेलचीं इंजिनें लावून गाड्या चालवीत.

जुलै २०२२ मध्यें इस्तंबूल येथें करार होऊन समुद्रमार्ग अंशतः मोकळा झाला. जुलै २०२३ मध्यें रशियानें तो मोडेपर्यंत सुमारें तीन कोटी तीस लक्ष टन माल त्या मार्गानें गेला. पश्चिमेकडे वळलेल्या मालानें मात्र नवें भांडण उभें केलें. युक्रेनचें स्वस्त धान्य पोलंडच्या बाजारांत सांचूं लागलें, तेथील शेतकऱ्यांचे भाव पडले, व एप्रिल २०२३ मध्यें पोलंड, हंगेरी व स्लोव्हाकिया यांनीं त्याच्या आयातीवर बंदी घातली. मित्र म्हणून दार उघडणाऱ्या देशालाही आपल्या कुणब्याचा आवाज ऐकावा लागला, यांत नवल नाहीं.

ऑगस्ट २०२३ पासून युक्रेननें किनाऱ्यालगत रुमानिया व बल्गेरियाच्या बाजूनें स्वतःची जहाजवाट चालू केली, आणि बराचसा माल पुन्हां ओडेसाकडे जाऊं लागला. पश्चिमेकडून झ्मेरिंकांत येणाऱ्या धान्याच्या वाघिणी तेथें तोडून आग्नेयीकडील गाड्यांना जोडण्याचें काम पूर्ववत् सुरू झालें. पश्चिम सरहद्दीवर दोन रुळांतील ८५ मिलिमीटरांचें अंतर बहुतेक ठिकाणीं तसेंच राहिलें.